आंदोलन पेटतं तेव्हा कॅमेरा घेऊन कुठे उभं राहायचं? गोव्यातल्या नव्या प्रेस फोटोग्राफरांसाठी

गोवा शांत, सुशेगाद, असं बाहेरचे लोक म्हणतात. इथल्या वर्तमानपत्रात काम करणाऱ्याने त्यावर विसंबून राहू नये. १९८६ च्या राजभाषा आंदोलनात माणसांचे जीव गेले. जानेवारी १९९५ मध्ये केरी-फोंड्याच्या नायलॉन ६,६ प्रकल्पाविरोधातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात नीलेश नाईक हा तरुण ठार झाला. मार्च २००६ मध्ये सावर्डे-कुडचडे दंगलीत होरपळलं. १९ मार्च २०१८ ला खाण अवलंबितांनी पणजीत मांडवी पुलावरची वाहतूक रोखली आणि लाठीमार झाला. ६ जानेवारी २०२१ ला सत्तरीत शेळ-मेळावलीत आयआयटीच्या जागेवरून ग्रामस्थ आणि पोलीस भिडले. दगड आले, लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला गेला, दोन्ही बाजूंची माणसं जखमी झाली. त्यानंतर दहा दिवसांच्या आत मुख्यमंत्र्यांनी आयआयटी तिथून हलवत असल्याचं जाहीर केलं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की इथे आंदोलनाची बातमी अचानक हाणामारीची बातमी होऊ शकते, आणि त्या दिवशी डेस्कने ज्याला पाठवलेलं असतं तो बहुतेक वेळा नवा मुलगा किंवा नवी मुलगी असते. अनुभवी माणूस विधानसभेत, नवा माणूस मोर्च्याला, असंच वाटप होतं. पुढचं सगळं त्या नव्या माणसासाठी आहे.

सुरुवातीलाच एक सांगतो. हाणामारी सहसा काही मिनिटांत आटोपते. तिच्या आधीचे तीन-चार तास आणि नंतरचे दोन तास ही खरी बातमी असते. तुम्ही कुठे उभे आहात यावर त्या मिनिटांत तुम्हाला काय मिळतं ते ठरतं, आणि ती जागा आधीच निवडलेली असावी लागते. चांगल्या लेन्सपेक्षा, धाडसापेक्षा, जागा मोठी.

आदल्या दिवशी

विषय वाचा. मोर्चा कोणी पुकारला, ग्रामसभेत ठराव कधी झाला, जमीन कोमुनिदादची (म्हणजे गावसंस्थेची, सामाईक) की सरकारची की कसणाऱ्यांची, न्यायालयात काही चालू आहे का. हे माहीत नसेल तर तुम्हाला समोर फक्त ओरडणारी माणसं दिसतील. माहीत असेल तर कोण बोलतंय, कोण गप्प आहे, कोण आज आलंच नाही, हेही दिसेल. २०१८ च्या मोर्च्यामागे सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारीला रद्द केलेले ८८ खाणपट्टे होते, आणि १६ मार्चपासून खाणकाम बंद पडलं होतं. एवढं ठाऊक असलेल्या फोटोग्राफरला रस्त्यावर बसलेल्या माणसांमध्ये ट्रकमालक कोण, मशीनचा चालक कोण, बार्जवरचा कामगार कोण, हे शोधावंसं वाटतं. बाकीच्यांना फक्त गर्दी दिसते.

जमावबंदीचा आदेश आहे का ते विचारा. लोक अजून ‘१४४ लावलं’ असंच म्हणतात, पण १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ मध्ये आहे. आदेशाची प्रत मिळवून वाचा. हद्द कुठून कुठपर्यंत, किती माणसांच्या जमावाला बंदी, वेळ काय, हे त्यात लिहिलेलं असतं. आदेशातच सूट दिलेली नसेल तर गळ्यात प्रेस कार्ड आहे म्हणून तो तुम्हाला लागू होत नाही, अशा भ्रमात राहू नका. आपल्या देशात पत्रकाराला वेगळा कायदेशीर परवाना नाही. प्रत्येक नागरिकाला जे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे तेच आपल्यालाही आहे. माहिती व प्रसिद्धी खात्याची अधिस्वीकृती उपयोगी पडते ती ओळख पटवायला.

जागा स्वतः बघून या. पणजीत आझाद मैदान आणि त्याला लागूनच पोलीस मुख्यालय. तिथून किती रस्ते फुटतात आणि त्यांतला कोणता बॅरिकेडने आधी बंद होतो, हे चालत फिरल्याशिवाय कळत नाही. पर्वरीला विधानसभेच्या वाटेवर अडवाअडवी होते ती महामार्गाजवळ, तिथे बाजूला पळायला जागा कमी. मांडवी पूल ही सगळ्यात वाईट जागा. दोन्ही टोकांना माणसं आणि बाजूला नदी. पुलावर आंदोलन असेल तर टोकाला उभे राहा, मध्यावर जाऊ नका. सत्तरीत, सांग्यात, काणकोणात प्रश्न वेगळा. तिथे लाल मातीची एकच वाट आत जाते, आणि गावकऱ्यांनी झाडं आडवी टाकली की तुमची गाडीही आतच राहते. स्कूटर अर्धा-एक किलोमीटर अलीकडे, तोंड परतीच्या दिशेला करून लावा.

ड्रोनचा विचार मनात असेल तर परवानगीशिवाय अजिबात नको. दाबोळीला नौदलाचा तळ आहे, वास्को आणि परिसरातलं आकाश कडक निर्बंधाखाली आहे.

डेस्कशी ठरवून ठेवा: दर तासाला एक मेसेज, नाही आला तर कोणाला फोन लावायचा. सोबत कोणीतरी असू दे. प्रतिस्पर्धी पेपरचा फोटोग्राफर असला तरी चालेल, त्या दिवशी तो तुमचा भाऊ. एक जण व्ह्यूफाइंडरमध्ये असताना दुसऱ्याने आजूबाजूला बघायचं, आणि मग अदलाबदल.

अंगावर काय, बॅगेत काय

सुती कपडे, पूर्ण बाह्या. सिंथेटिक कापड आगीजवळ वितळून कातडीला चिकटतं. खाकी नको, आंदोलकांच्या झेंड्याचा रंग नको, कुठल्याच पक्षाचा रंग नको. घोटा झाकणारे, घट्ट बांधलेले बूट हवेत, कारण आपल्याकडे रस्त्याच्या कडेला चिऱ्यांचे तुकडे पडलेले असतात आणि गटारावरची झाकणं असतीलच असं नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या दिवशी चष्मा.

हेल्मेट न्या, पण मोटरसायकलचं तोंड झाकणारं नको. त्यात ऐकू येत नाही, बाजूचं दिसत नाही, आणि कॅमेरा डोळ्याला लागत नाही. बांधकामावर किंवा गिर्यारोहणाला वापरतात तसं, हनुवटीखाली पट्टा असलेलं, हलकं हेल्मेट पुरतं. हवाबंद गॉगल. अश्रुधुरासाठी खरं संरक्षण फिल्टर असलेल्या रेस्पिरेटरचं. एन-९५ मास्कने थोडाच फरक पडतो, पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

‘प्रेस’ लिहिलेलं जॅकेट घालावं का? माझं मत असं की पोलिसांच्या बाजूने जाताना ते दिसलं पाहिजे आणि गर्दीत शिरताना झाकता आलं पाहिजे. एखाद्या गावाचा एखाद्या वाहिनीवर राग असतो आणि तुम्ही कुठले हे कोणी विचारत बसत नाही. म्हणून जॅकेटवर एक साधा शर्ट असू दे.

दोन कॅमेरे असतील तर एकावर वाइड, दुसऱ्यावर ७०-२००. एकच असेल तर २४-७० किंवा २४-१०५ लावा आणि दिवसभर काढू नका. गर्दीत लेन्स बदलायला थांबलेला माणूस मान खाली घालून उभा असतो, आणि सगळ्यांत आधी त्यालाच धक्का लागतो. लेन्सला हूड आणि पुढे एक साधा काचेचा फिल्टर. दगडाची कपची लागली तर फिल्टर फुटेल, लेन्स वाचेल. बॅग छोटी, शक्यतो कमरेची. पाठीवरच्या मोठ्या सॅकला धरून कोणीही मागे खेचू शकतं.

पाणी दोन बाटल्या, एक प्यायला, एक डोळे धुवायला. पॉवर बँक. जखमेवर दाबायला जाड कापड, चिकटपट्टी. दंडावर बॉलपेनने तीन नंबर लिहा: संपादक, वकील, घर. शेजारी रक्तगट. फोन हरवला किंवा हातातून गेला तर हेच कामाला येतं. फोनचं बोटाचं आणि चेहऱ्याचं लॉक बंद करून पिन ठेवा. तुमचं बोट धरून फोन उघडणं कोणालाही सोपं आहे.

पावसाळी अधिवेशनाच्या दिवसांत आणखी एक गोष्ट. एसी लावलेल्या गाडीतून उतरून बाहेरच्या दमट हवेत कॅमेरा काढला की लेन्सवर वाफ धरते आणि पाच-दहा मिनिटं काहीच दिसत नाही. पोचण्याच्या पंधरा मिनिटं आधी एसी बंद करा, काचा उघडा. कॅमेऱ्यावर रेनकव्हर घाला. नसेल तर भाजीची जाड पिशवी आणि रबरबँडही काम भागवतात.

कॅमेरा लावून ठेवा, मग विसरा

शटर १/८०० च्या खाली नको, धावपळ सुरू झाली की १/१०००. अॅपर्चर एफ/५.६ च्या आसपास, म्हणजे फोकस थोडा चुकला तरी चेहरा वाचतो. आयएसओ ऑटोवर सोडा, वरची मर्यादा ६४०० ठेवा. फोकस सतत पाठलाग करणारा. दोन कार्डांचे खाचे असतील तर एकावर रॉ, दुसऱ्यावर जेपेग. कॅमेऱ्याचं घड्याळ फोनच्या घड्याळाशी सेकंदापर्यंत जुळवा. हे काम कोणी मनावर घेत नाही, पण पुढे चौकशी लागली तर आधी दगड की आधी लाठी याचं उत्तर त्या घड्याळातून निघू शकतं.

फ्लॅश नको. रात्री तर मुळीच नको. फ्लॅश तुमची जागा दाखवतो, अंधारातल्या माणसाला दचकवतो आणि वातावरणही मारतो. नोव्हेंबर २०२० च्या पहिल्या रात्री चांदरला रेल्वे दुपदरीकरणाविरोधात लोक मेणबत्त्या घेऊन रुळांवर उतरले होते. अशा रात्री मेणबत्तीचाच उजेड घ्यायचा: ५० किंवा ३५ ची उघड्या तोंडाची लेन्स, एफ/१.८, शटर १/१२५, आणि माणूस स्थिर होण्याची वाट.

पोचल्यावर

लवकर पोचा. पहिला अर्धा तास कॅमेरा गळ्यात ठेवून लोकांशी बोला. सत्तरीत, डिचोलीत, पेडण्यात मराठी पेपर घरोघरी वाचला जातो, त्यामुळे ‘खंयच्या पेपराचो रे तूं?’ हा प्रश्न येणारच. खरं उत्तर द्या. तुमच्या पेपरने आदल्या आठवड्यात काय छापलं यावरून बोलणी बसली तर ऐकून घ्या, वाद घालू नका. बसलेल्या बायकांमध्ये जी वयाने मोठी असेल तिच्याशी ‘मावशी, बसू का जरा इथे?’ म्हणून बसा. तिने तुम्हाला मानलं की निम्मं आंदोलन तुम्हाला मानतं. नंतर कोणी अंगावर आलं तर तीच मधे पडते.

पोलिसांकडेही जा. ड्युटीवरच्या निरीक्षकाला आपली ओळख द्या, ‘साहेब, मी या बाजूला उभा असेन’ असं सांगा. उपजिल्हाधिकारी किंवा मामलेदार आलेत का, ते कुठे उभे आहेत, हे बघून ठेवा. कार्यकारी दंडाधिकारी म्हणून जमावाला पांगण्याचा हुकूम देण्याचा अधिकार त्यांना असतो, पोलीस ठाण्याच्या प्रमुखालाही असतो. आधी पांगायला सांगायचं आणि तरी पांगले नाहीत तर बळ वापरायचं, असा कायद्याचा क्रम आहे. म्हणून लाउडस्पीकर हातात घेतलेल्या अधिकाऱ्याचा, समोरचे लोक त्याच चौकटीत दिसतील असा फोटो, दिसायला कितीही साधा असला तरी सोडू नका. लाठीमाराच्या प्रत्येक चौकशीत पहिला प्रश्न इशारा दिला होता का, हाच असतो. तो फोटो ज्याच्याकडे असतो त्याला मी त्या दिवसाचा सगळ्यात चांगला फोटोग्राफर मानतो.

कॅमेरा दिसला की घोषणा वाढतात, मुठी वर जातात, विझलेला पुतळा पुन्हा पेटवण्याची तयारी होते. कोणालाही काहीही परत करायला सांगू नका, आणि कोणी तुमच्यासाठी करत असेल तर कॅमेरा खाली घ्या, दुसरीकडे बघा. थोड्या वेळाने ते कंटाळतात आणि खरं वागायला लागतात.

वारं फिरल्याच्या खुणा

आता यातला महत्त्वाचा भाग. हाणामारी अचानक होते असं वाटतं ते बघण्याची सवय नसल्यामुळे. पोलिसांच्या रांगेकडे नीट बघा. आतापर्यंत सैल उभे असलेले शिपाई हेल्मेटची काच खाली ओढतात, हनुवटीचा पट्टा घट्ट करतात. मागच्या रांगेतून ढाली पुढे येतात. रांगेतल्यांचे फोन खिशात जातात. अश्रुधुराची बंदूक घेतलेला माणूस, जो इतका वेळ गाडीजवळ होता, तो दुसऱ्या रांगेत येऊन उभा राहतो. आयआरबीच्या, म्हणजे राखीव पोलीस दलाच्या, बसमधून आणखी माणसं उतरतात, पण मागेच थांबतात. अधिकारी हातातला कागद दुमडून ठेवतो.

समोरच्या गर्दीतही खुणा असतात. पुढे बसलेल्या बायकांना कोणीतरी मागे बोलावतं, किंवा उलट, मुद्दाम पुढे आणतं. लहान मुलं दिसेनाशी होतात. कडेची दुकानं शटर अर्ध्यावर ओढतात, चहावाला किटली उचलतो. सकाळपासून जे नेते माइकवर होते ते सापडत नाहीत, आणि बोलणारा माणूस नवा असतो. रुमालाने तोंड बांधलेले चार-पाच तरुण, जे सभेत नव्हते, ते टोकाला दिसायला लागतात. घोषणांची लय तुटते आणि नुसता आवाज होतो.

यातल्या दोन-तीन गोष्टी एकदम दिसल्या की हेल्मेट चढवा, अर्धं भरलेलं कार्ड बदलून मोज्यात टाका, आणि ठरवलेल्या जागेवर जा.

ती जागा कुठली? दोन बाजूंच्या मधे नाही. पोलिसांच्या रांगेच्या लगेच मागेही नाही, कारण गर्दीतून आलेला लांबचा दगड तिथेच पडतो. कडेला, दोन्ही बाजू एकाच चौकटीत दिसतील अशी, पाठीशी भिंत किंवा जाड झाड, आणि दोन पावलांवर निघून जायची गल्ली. नुसती भिंत नको. मागे वाट नसेल तर धावणारी गर्दी तुम्हाला त्याच भिंतीवर दाबते. थोडी उंची मिळाली तर उत्तम: पायऱ्या, दुकानाचा ओटा, पहिल्या मजल्याचा सज्जा. घरमालकाला आधी विचारून ठेवलेलं असावं, आणि खाली यायचा दुसरा जिना आहे का तेही.

ती काही मिनिटं

दुसरा डोळा उघडा ठेवा. लांब लेन्समधून बघताना जग एवढंसं होतं आणि बाजूने येणारी लाठी दिसत नाही. चार-पाच फ्रेम घ्या, मान वर करा, डावीकडे बघा, उजवीकडे बघा, परत डोळा लावा. गुडघ्यावर बसायचा मोह आवरा. खालून छान दिसतं हे खरं, पण पळणाऱ्यांना बसलेला माणूस दिसत नाही, आणि लाठी पायांवर मारायची असते ती बसलेल्याच्या डोक्यात बसते. मागे सरकायचं तर उलटं चालू नका, वळून चाला.

एकाला चार जण मारताहेत असं दृश्य समोर येईल. तिथे धावत जाऊ नका, आहात तिथून घ्या. आधी लांब लेन्सने कृती: हात, लाठी, चेहरा. मग लगेच वाइडने सगळं: आजूबाजूला कोण आहे, तो माणूस पळत होता की पडलेला होता, मागे काय आहे. हा दुसरा फोटो नसेल तर पहिल्याला अर्थ राहत नाही. २०० मिलिमीटरची लेन्स अंतर दाबून टाकते. पन्नास माणसं पाचशेंसारखी दिसतात, वीस पावलांवरचा पोलीस अगदी अंगावर आल्यासारखा वाटतो. त्यात खोटं काही नाही, पण तो एकटा छापला तर वाचकाची फसवणूक होते. म्हणून जोडी घ्या.

समोर कोणी पडलं, रक्त वाहतंय आणि हात द्यायला दुसरं कोणी नाही, तर कॅमेरा खाली. यावर माझ्या मनात कधीच दुमत नव्हतं. जखमेवर कापड दाबून धरा, १०८ ला फोन करा, रस्ता बंद असेल तर कोणती वाट मोकळी आहे ते त्यांना सांगा. दुसरी माणसं धावून आली असतील तर मधे कडमडू नका, तुमचं काम करा.

अश्रुधूर

नळकांडी पडली की ती कुठून आली ते बघत बसू नका, वारा कुठून येतोय ते बघा. किनाऱ्याजवळ दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो. म्हणजे पणजीत साधारणपणे मिरामारच्या, पश्चिमेच्या बाजूने. त्या बाजूला सरका. हा धूर हवेपेक्षा जड असतो आणि सखल जागी साचतो, तेव्हा उंचावर जा. पणजीत मळा नावाच्या वस्तीसारख्या भागातल्या अरुंद गल्ल्यांत आडोसा घ्यायला शिरलात तर धूर तुमच्या मागे येऊन तिथेच बसेल. नळकांडीला हात लावू नका, ती भाजते.

डोळे चोळू नका. साध्या पाण्याने, डोकं एका बाजूला कलवून, आतल्या कोपऱ्याकडून बाहेर असं भरपूर पाणी सोडत धुवा. चेहऱ्यावर आधीपासून तेल किंवा चिकट क्रीम लावू नका, धुरातली पूड त्याला धरून बसते. श्वास कोंडला म्हणून घाबरून जोरात श्वास घेतला की आणखी आत जातो. हळू चाला, हळू श्वास घ्या, साधारणपणे पंधरा-वीस मिनिटांत बरं वाटायला लागतं. दमा असलेल्याने डेस्कला आधीच सांगावं आणि अशा असाइनमेंटला जाऊ नये, त्यात कमीपणा नाही. घरी आल्यावर कपडे वेगळ्या पिशवीत टाका, गार पाण्याने अंघोळ करा, कॅमेरा कोरड्या कापडाने पुसा.

पोलिसांनी अडवलं तर

आवाज खाली, हात दिसतील असे, कार्ड पुढे. ‘मागे व्हा’ म्हटलं तर मागे व्हा. दहा पावलं मागे जाऊन फोटो घेता येतो, ठाण्यात बसून येत नाही. ‘फोटो डिलीट करा’ म्हटलं तर तसं करायला लावण्याचा अधिकार कायद्याने पोलिसांना दिलेला नाही, हे शांतपणे सांगा आणि वरिष्ठांशी बोलू द्या म्हणा. तरी जबरदस्तीने डिलीट करायला लावलंच तर त्या कार्डवर पुढे एकही फोटो काढू नका. ते काढून ठेवा. वर नवीन काही लिहिलं गेलं नसेल तर फोटो सॉफ्टवेअरने बहुतेक परत मिळतात.

कॅमेरा किंवा कार्ड जप्त करत असतील तर पंचनामा मागा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं असतं, तेही नम्रपणे लक्षात आणून द्या. ताब्यात घेतलं तर कारण विचारा, वकिलाला आणि घरी कळवायला सांगा. अटक झाली तर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर नेलं पाहिजे, हा घटनेने दिलेला हक्क आहे. यातलं काहीही तिथल्या तिथे भांडून मिळवायचं नसतं. नाव, वेळ, जागा लक्षात ठेवा आणि संपादकावर सोडा.

चेहरे

गोवा लहान आहे. इथे लाठी उचललेला शिपाई आणि समोरचा आंदोलक एकाच तालुक्यातले, कधी एकाच वाड्यावरचे असतात. मुंबईत छापलेला चेहरा गर्दीत हरवतो, इथे सकाळी सात वाजता चहाच्या हॉटेलात तो कोणाचा मुलगा हे सगळ्यांना कळलेलं असतं. छापलेले फोटो बघून गुन्हे नोंदवले जातात, नोकऱ्या जातात. हे ओझं महानगरातल्या फोटोग्राफरपेक्षा आपल्यावर जास्त आहे.

मी असं करतो. नेता, अधिकारी, आमदार यांचा चेहरा नेहमी. लाठी चालवणाऱ्या पोलिसाचा चेहरा आणि छातीवरची नावाची पट्टीही, कारण तो सरकारी कर्तव्यावर आहे आणि त्याचं उत्तर त्याने द्यायचं आहे. दगड मारणाऱ्याची कृती लपवत नाही, ती घडली आहे. पण पाठमोरी फ्रेम तेवढंच सांगत असेल तर ती निवडतो. नुसतं बसलेल्या माणसाचा एकट्याचा क्लोजअप हिंसेच्या बातमीखाली कधीच देत नाही. फोटो धूसर करणं मला पटत नाही. निवड फ्रेम घेताना आणि पाठवताना करावी, नंतर पुसापुशी करू नये. मुलांचा अपवाद मात्र पक्का. १८ वर्षांखालचा मुलगा कायद्याच्या कचाट्यात सापडला किंवा बळी ठरला, तर त्याची ओळख छापणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने गुन्हा आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळखही तशीच.

२००२ च्या गुजरात दंगलीत अर्को दत्त यांनी टिपलेला, हात जोडून जीव वाचवा म्हणणाऱ्या माणसाचा फोटो जगभर गेला. फोटो खरा होता, गरजेचा होता. पण त्या माणसाला पुढची कितीतरी वर्षं तोच चेहरा घेऊन काम शोधावं लागलं, गावं बदलावी लागली, आणि माझा फोटो वापरू नका असं त्याला सांगावं लागलं. पाठवण्याचं बटण दाबण्यापूर्वी हे आठवा.

दोन समाजांतली तेढ असेल तर आणखी जपून. प्रार्थनास्थळाची मोडतोड, मृतदेह, एका समाजाची खूण सांगणारा कपडा यांचे फोटो काढून ठेवा, कारण नोंद हवी. पण कोणता आणि केव्हा छापायचा ते संपादकाशी बोलून. स्वतःच्या फोनवरून व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकही टाकू नका.

कॅप्शन आणि पाठवणं

डोंगराकडच्या गावांत नेटवर्क पुरेसं नसतं, आणि मोठ्या गर्दीत पणजीतही लाइन जाम होते. वाळपई किंवा साखळीला कुठे सिग्नल मिळतो ते जाताना बघून ठेवा. पहिल्यांदा तीनच फोटो, लहान आकारात. बाकीचे परतल्यावर.

कॅप्शनमध्ये जे डोळ्यांनी पाहिलं तेच. ‘हिंसक जमावावर पोलिसांचा सौम्य लाठीमार’ असं लिहिलेलं कॅप्शन नको, कारण त्यातली दोन्ही विशेषणं पोलिसांच्या पत्रकातली आहेत. ‘पणजीत आझाद मैदानाबाहेर गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास बॅरिकेड ओलांडणाऱ्या आंदोलकाला लाठीने मारताना पोलीस. त्याआधी दहा मिनिटे जमावातून दगड आले होते.’ असं लिहा. दगड आलेले तुम्ही पाहिले नसतील तर दुसरं वाक्य लिहू नका, किंवा कोणी सांगितलं ते लिहा. जखमींचा आकडा रुग्णालयातून किंवा पोलिसांकडून घ्या आणि ‘त्यांच्या म्हणण्याप्रमाणे’ असं जोडा. फोटोत उजेड-अंधार सारखा करा, थोडं क्रॉप करा. त्यापलीकडे काहीही हलवू नका, पुसू नका, घालू नका.

परतल्यावर

पांगापांग झाली की बहुतेक फोटोग्राफर पळतात. तुम्ही थांबा. रस्त्यावर राहिलेल्या चपला, एका हाताने डोकं दाबून पायरीवर बसलेला शिपाई, ठाण्याबाहेर मुलाची वाट बघणाऱ्या बायका. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, जखमींना भेटायला जा, पण वॉर्डात कॅमेरा काढण्यापूर्वी डॉक्टरला आणि जखमीला, दोघांनाही विचारा. पंधरा दिवसांनी गावात परत जा. मेळावलीसारख्या ठिकाणी गुन्हे दाखल झालेली माणसं कोर्टाच्या तारखांना फेऱ्या मारत राहतात, आणि त्यांचा फोटो काढायला कोणी येत नाही.

अंगाला काही लागलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन नोंद करा, दुसऱ्या दिवशी नाही. झोप लागत नसेल, तेच तेच डोळ्यांसमोर येत असेल, तर सोबत असलेल्या फोटोग्राफरशी बोला, घरी बोला, आठवड्यात कमी झालं नाही तर डॉक्टरशी.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नका. मूळ कार्डातल्या सगळ्या फाइली, खराब फोटोंसकट, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा. एक ऑफिसात, एक घरी. फोल्डरला तारीख, गाव, आंदोलनाचं नाव. त्या रात्रीच वहीत लिहा: किती वाजता कुठे उभा होतो, इशारा ऐकला की नाही, पहिला दगड कोणत्या बाजूने आला. कोर्टातून किंवा चौकशी आयोगाकडून बोलावणं कधीकधी वर्षांनी येतं. तेव्हा फोटोसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणून फोटो कोणत्या कॅमेऱ्यातून आला आणि कोणत्या डिस्कवर राहिला, तेही त्याच वहीत लिहून ठेवा. फाइली मागितल्या तर आधी संपादकाला आणि वकिलाला दाखवा, आणि लेखी मागणीशिवाय कोणालाही काही देऊ नका. आंदोलकांना नाही, पोलिसांना नाही, ओळखीच्या आमदारालाही नाही.